दीडशेच्या आत

“मॅडम, तुमच्या वडिलांना गाडी थांबवायला सांगा!”

फोनवर वाऱ्याचा इतका घोंघाट होता की आधी माणूसच ओळखू येईना. मग कळलं, हे घाटगे. शोरूमचे सेल्स मॅनेजर. थोड्या वेळापूर्वी माझ्यादेखत टाय सरळ करून, पोट आत घेऊन ते आप्पांच्या मागे बसले होते आणि ‘एक छोटासा राउंड मारून येतो’ असं सांगून गेले होते.

“तुम्ही आहात कुठे?”

“कळे मागं पडलं.”

“कळे?” मी खुर्चीतून उठलेच. शोरूम फुलेवाडीच्या अलीकडे. टेस्ट राइड म्हणजे नाक्यापर्यंत जायचं आणि वळून यायचं. कळे म्हणजे कोल्हापूर पार संपवून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलेलं गाव. “त्यांना फोन द्या.”

“कसा देऊ? ते गाडी चालवतायत!”

“मग खांद्यावर हात ठेवून सांगा त्यांना.”

“तीनदा सांगितलं. म्हणतात, गप बसा, मला मागं वजन पाहिजे.” पुढचं वाऱ्यानं नेलं आणि फोन बंद झाला.

आप्पांना थेट फोन करण्यात अर्थ नव्हता. त्यांचा फोन माझ्या पर्समध्ये होता. निघताना त्यांनीच तो माझ्या हातात दिला होता. “खिशात टोचतो,” म्हणाले होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

काउंटरवरची श्वेता नावाची मुलगी माझ्याकडे बघत होती. “मॅडम, डेमोची गाडी आहे ती,” ती म्हणाली. “आणि घाटगे सरांची दुपारी कंपनीच्या लोकांबरोबर मीटिंग आहे.”

“मीटिंग माझीसुद्धा आहे,” मी म्हणाले आणि माझ्या कारची किल्ली घेऊन बाहेर पडले.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आप्पा अडुसष्ट वर्षांचे होते. सुकुमार मगदूम, पंचगंगेकाठच्या एका साखर कारखान्यातून चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. मी पुण्यात विमा कंपनीत. एकुलती एक असल्यामुळे दर महिन्याला कोल्हापूरच्या फेऱ्या माझ्याच वाट्याला.

मोटरसायकलचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. साधं खूळ असतं तर मी एवढी वैतागले नसते. माणूस दुकानात जातो, एक गाडी पसंत करतो, घेऊन घरी येतो. आप्पांना गाडी पसंतच पडायची नाही. त्यांना लांबच्या प्रवासाची गाडी हवी होती, पण हलकी. हलकी, पण किरकोळ नाही. सामान लादून घाट चढला पाहिजे, हायवेला ट्रकच्या मागे रांगत जायला नको, आणि तरीही तिचं वजन बेताचं पाहिजे.

अशी गाडी कुणाकडेच नव्हती. प्रवासाची म्हणून जी काही दाखवायचे ती रेड्यासारखी. हलकी म्हणून जी दाखवायचे तिच्यावर दूध घालायला जावं. आप्पा प्रत्येक ठिकाणी खिशातून टेप काढून सीटची उंची मोजायचे, मग विचारायचे, “वजन किती? ओलं सांगा, कोरडं नको.” ओलं म्हणजे पेट्रोल, ऑइल सगळं भरून. बहुतेक सेल्समनना ओलं-कोरडं हा प्रकारच माहीत नसायचा. ते आत जाऊन कुणाला तरी विचारून यायचे आणि आप्पा मान हलवायचे. कोल्हापूर झालं, सांगली झाली, बेळगाव झालं. दर वेळी मी सोबत, दर वेळी माझी रजा.

“कुठं जायचंय तुम्हाला एवढं?” मी एकदा विचारलं होतं.

“सगळीकडं.”

“आईला घेऊन फिरायचं राहून गेलं म्हणून का?”

“छे. तुझ्या आईला मोटरसायकलवर बसायला आवडायचं नाही. कंबर दुखायची तिची.”

त्या दिवशी घाटग्यांच्या शोरूममध्ये शिरलो तेव्हाही तेच सुरू झालं. घाटग्यांनी आप्पांचे पांढरे केस बघून आधी स्कूटरच्या रांगेकडे हात केला. “मी भाजी आणायला चाललो नाही,” आप्पा म्हणाले. मग घाटग्यांनी एक चकचकीत गाडी दाखवली. आप्पांनी वजन विचारलं. घाटगे हसले. “सर, वजन आहे म्हणून तर गाडी रस्ता धरून राहते. लोक वजनासाठीच घेतात ही गाडी.”

“लोक घेऊ देत. किती?”

“पावणेदोनशे किलोच्या आसपास. ओलं,” घाटगे म्हणाले. त्यांना ओलं माहीत होतं. त्यामुळे असेल, आप्पा पहिल्यांदाच नाही म्हणाले नाहीत. गाडीभोवती दोनदा फिरले, टेप काढली नाही, आणि “चालवून बघू की,” म्हणाले. मला वाटलं, सुटले. आज गाडी ठरली की निदान दुसरी गोष्ट मार्गी लागेल.

दुसरी गोष्ट म्हणजे घर. पावसाळ्यात आप्पा परसात धुण्याच्या दगडाजवळ घसरून पडले होते. मनगट मोडलं. मला कळलं ते दोन दिवसांनी, तेही शेजारच्या उपाध्ये काकूंकडून. आप्पा स्वतः रिक्षा करून दवाखान्यात जाऊन प्लास्टर घालून आले होते आणि त्याच दिवशी माझ्याशी फोनवर पुण्याच्या पाण्याबद्दल बोलले होते. मी रात्रभर रडले आणि सकाळी ठरवून टाकलं. माझ्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर एक लहान फ्लॅट रिकामा होता. कोल्हापूरचं घर विकायचं आणि आप्पांना पुण्याला न्यायचं. आप्पा नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. मी घराचा विषय काढला की ते मोटरसायकलचा काढायचे. एजंट बिरनाळे गिऱ्हाईक घेऊन आले की आप्पा त्यांना चहा द्यायचे आणि पेपर वाचत बसायचे.

त्या संध्याकाळी पार्टी शेवटचं ठरवायला घरी येणार होती. आणि आप्पा कळ्याच्या पुढे होते.

रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग. गळीत हंगाम ऐन भरात होता. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर डोंगराएवढा ऊस, आणि ट्रॅक्टरवाल्याच्या कानाला मोबाइल. मी हॉर्न वाजवून वाजवून थकले. एकाला मागे टाकलं की पुढे दुसरा. आप्पांच्या मोटरसायकलला यातून वाट काढायला काहीच लागलं नसणार, या विचारानं मी आणखीच चिडले.

मधे बिरनाळ्यांचा फोन आला. “ताई, संध्याकाळचं नक्की ना? आप्पासाहेब घरी असतील ना?”

“असतील.”

“नाही म्हणजे, मागच्या वेळी पार्टी आली आणि ते सर्व्हिसिंगला काय असतं ते विचारायला गॅरेजमध्ये गेले होते.”

“बिरनाळे, असतील म्हटलं ना.”

फोन ठेवते तोच श्वेताचा. कंपनीचे लोक आले होते. घाटगे सर कुठे आहेत म्हणून विचारत होते. काय सांगू?

“सांगा, टेस्ट राइड चालू आहे,” मी म्हणाले.

साळवणच्या पुढे ऊस संपला. रस्ता रिकामा झाला, चढ लागला, दोन्ही बाजूंना झाडी आली, हवा बदलली. माझं मात्र डोकं तापत चाललं होतं. आप्पांना भेटल्यावर काय काय बोलायचं याची मी मोठ्यानं उजळणी करत होते. तुम्ही लहान आहात का? दुसऱ्याची गाडी, दुसऱ्याचा माणूस, असं पळवून नेतात का? पडला असतात तर? हे ‘पडला असतात तर’ मी चार-पाच वेळा चार-पाच तऱ्हांनी म्हणून बघितलं. विमा कंपनीत माझं कामच ते होतं, काय होऊ शकतं याचा अंदाज करायचा. माझ्या डोळ्यांपुढे वळण होतं, समोरून येणारी एसटी होती, आप्पा होते आणि घाटगे होते.

आणि घाटग्यांचाच फोन आला. वारा नव्हता. आवाज पार बसलेला.

“थांबले एकदाचे. बावड्याच्या अलीकडं, डाव्या हाताला माळ आहे. एक शेड आहे पडकी. या तुम्ही. लवकर या.”

“ठीक आहेत ना ते?”

“ते ठीक आहेत. मी नाहीय.”

माळ सापडला. कडेला वाळलेलं गवत, मधे सपाट मोकळी जागा, लांबवर सह्याद्रीची धार. एका दगडावर घाटगे बसले होते. टाय खिशात, शर्ट बाहेर आलेला, हेल्मेट मात्र अजून डोक्यात. बहुधा काढायची ताकद राहिली नव्हती. आप्पा मोटरसायकलपाशी उभे होते. हात मागे बांधून, कारखान्यात एखाद्या नमुन्याकडे बघत उभे राहायचे तसे.

“आलीस? पाणी आणलंयस काय? ह्यांना दे आधी. ओरडून घसा बसलाय त्यांचा.”

मग मी बोलले. वाटेत ठरवलेलं सगळं बोलले, न ठरवलेलंही बोलले. घाटग्यांची मीटिंग, माझी रजा, बिरनाळे, पार्टी, वर्षभर चाललेलं हे ओलं वजन आणि कोरडं वजन, मोडलेलं मनगट. “तुम्हाला गाडी घ्यायचीच नाहीये, आप्पा. तुम्हाला फक्त वेळ काढायचाय. तसं सरळ सांगा ना. पुण्याला यायचं नाही, असं सांगायला काय होतं?”

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. घाटगेही पाण्याची बाटली तोंडाला लावायची थांबून ऐकत होते.

“झालं?” आप्पा म्हणाले. “आता जरा बाजूला हो. तिकडं, त्यांच्याजवळ.”

“कशाला?”

“हो तर.”

मी दोन पावलं मागे सरले. आप्पांनी गाडी स्टँडवरून सरळ केली, दोन्ही हातांनी घट्ट धरली, आणि हळूहळू, एखादं जनावर बसवावं तशी, उजव्या कुशीवर गवतात आडवी केली.

“सर!” घाटगे ताडकन उठले. “सर, डेमोची गाडी! काय करताय तुम्ही?”

“गवत आहे. काय होत नाही तिला.” आप्पांनी वाकून गाडीचा स्टँड बाहेर काढून ठेवला. हँडल एका बाजूला पूर्ण वळवलं. मग गाडीकडे पाठ केली, सीटला पाठीचा खालचा भाग टेकवला, गुडघ्यांत वाकले, एका हातानं हँडल धरलं आणि दुसऱ्या हातानं मागची सळई.

मला अजून कळलं नव्हतं. घाटग्यांना कळलं. “सर, मी देतो हात,” म्हणत ते पुढे झाले.

“कुणी हात लावायचा नाही.”

हा आवाज मी लहानपणी एकदोनदाच ऐकला होता. घाटगे जागच्या जागी थांबले.

आप्पांनी पायांत जोर घेतला. गाडी जमिनीवरून सुटली, गुडघ्याएवढी वर आली, तिथे थरथरली आणि परत खाली गेली. आप्पा तसेच वाकून श्वास घेत राहिले. चपला घसरत होत्या म्हणून त्या काढून बाजूला ठेवल्या आणि अनवाणी टाचा मातीत रोवल्या. पुन्हा जोर लावला. या वेळी तेवढीसुद्धा उठली नाही.

“आप्पा, बास,” मी म्हणाले.

“थांब.”

तिसऱ्या वेळी गाडी उठली. हळूहळू उठली, आप्पा एकेक पाऊल मागे सरकत होते आणि ती वर येत होती, अर्ध्याच्या वर आली. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या, चेहरा लाल झाला. आणखी वीतभर आली असती तर तिनं स्वतःच तोल घेतला असता. तेवढ्यात त्यांचा डावा हात, मोडलेल्या मनगटाचा, लटपटायला लागला. मी बघत होते. त्यांनीही बघितलं. त्यांनी गाडी टाकली नाही. जशी उचलली तशीच, तेवढ्याच सावकाश, पाऊल पाऊल पुढे येत परत गवतात ठेवली. मग गाडीला पाठ टेकून खाली बसले.

घाटग्यांनी हेल्मेट काढलं.

मी बाटली घेऊन आप्पांपाशी जाऊन बसले. त्यांनी पाणी प्यायलं, थोडं डोक्यावर ओतलं.

“हे बघायला इथवर आलात?”

“शोरूमच्या दारात आडवी करू दिली असती काय ह्यांनी?” आप्पा म्हणाले. श्वास अजून लागलेला होता. “आणि चढाला न घालता कसं कळणार? चढते चांगली. ह्यांच्यासारखा माणूस मागं बसवून चढली. त्यात खोट काढायला जागा नाही.”

“मला तरी सांगायचं होतं.”

“तुला सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस? म्हणाली असतीस, आप्पा, पडली तर फोन करा, मी येते उचलायला.”

माझ्या ओठांवर तेच आलं होतं. “मग त्यात वाईट काय आहे?”

“वाईट काय नाही. पण मग ती गाडी तुझी झाली.” त्यांनी मनगट दाबून बघितलं. “वर्षभर मी एवढंच बघतोय, त्रिशला. कुठंतरी लांब, रस्त्याला कुणी नाही, गाडी पडली. तर माझी मला उचलता आली पाहिजे. तेवढी हलकी. बाकीचं सगळं मी चालवून घेईन.”

“आणि पुणं?”

“चांगलं आहे पुणं. लिफ्ट आहे, वॉचमन आहे, वरच्या मजल्यावर तू आहेस. पडायची सोयच नाही तिथं.”

“पडायची सोय कुणाला हवी असते, आप्पा?”

त्यांनी जरा विचार केला. चेष्टा नव्हती करत. “परसात पडलो ना मी,” ते म्हणाले, “तर बराच वेळ उठता येईना. हात असा लोंबकळत होता. ओट्याला खांदा लावला, सरकत सरकत भिंतीपाशी गेलो, मग गुडघ्यावर आलो. उठलो. घरात येऊन एका हातानं चहा केला. रिक्षा बोलावली. दवाखान्यातून आलो तेव्हा मला वाटत होतं, कुणालातरी सांगावं, अरे, मी उठलो. तू आलीस ती पडलात, पडलात करत आलीस, आणि सरळ घरच विकायला काढलंस. उठलो कसा, हे कुणी विचारलंच नाही.”

वारा सुटला होता. घाटगे लांब जाऊन हायवेकडे तोंड करून उभे राहिले होते. त्यांनी आमचं बोलणं ऐकू नये म्हणून की त्यांना श्वेताचा फोन आला होता म्हणून, कोण जाणे.

माझ्याकडे उत्तर होतं. उत्तर समोर गवतात आडवं पडलेलं होतं. तुम्हाला उचलता आली नाही, आप्पा. तीनदा आली नाही. एवढंच म्हणायचं होतं आणि वर्षभराचा सगळा वाद संपत होता. आप्पांनाही ते ठाऊक होतं. ते माझ्याकडे न बघता माती झटकत चपला पायात घालत होते आणि माझ्या बोलण्याची वाट बघत होते.

मी काहीच बोलले नाही, तेव्हा तेच बोलले. “ही जमत नाही. पावणेदोनशे फार होतात. दीडशेच्या आत पाहिजे.”

“दीडशेच्या आत!” मी कपाळाला हात लावला. एवढं सगळं होऊन हा माणूस गाडीतच खोट काढत होता. मला हसूही येईना आणि रडूही येईना.

“घाटगे!” आप्पांनी हाक मारली. “या. आता उचला दोघं मिळून. कंपनीची गाडी आहे, कुठवर झोपवून ठेवायची.”

घाटगे मागच्या बाजूला गेले, मी हँडल धरलं. मला वाटलं होतं, दोघंजण आहोत, चटकन होईल. ती जागची हलली नाही. जमिनीला खिळल्यासारखी. घाटग्यांनी ‘हं’ म्हणून जोर लावला, मी दात आवळले, माझी ओढणी कुठंतरी अडकली, पाय घसरला. दुसऱ्या खेपेला कशीबशी सरळ झाली तेव्हा माझे दंड कापत होते. आणि मी चाळिशीतसुद्धा नव्हते.

मी आप्पांकडे बघितलं. हे ओझं या माणसानं मोडक्या मनगटानं एकट्यानं अर्ध्याच्या वर आणलं होतं, आणि वर ते न आपटता परत खाली ठेवलं होतं.

“घाटगे,” मी म्हणाले, “दीडशेच्या आत काय आहे तुमच्याकडे?”

“मॅडम, दीडशेच्या आत म्हणजे मग लहान इंजिन. सर म्हणतात तसं सामान घेऊन घाट नाही चढणार.”

“मधलं इंजिन. लांब पल्ल्याची. दीडशेच्या आत. ओलं वजन.”

“अशी गाडी बनतच नाही मॅडम.”

“बनवायला पाहिजे,” आप्पा म्हणाले आणि आरशावरचं गवत पुसायला लागले.

परत येताना आप्पांच्या मागे बसायला घाटग्यांनी हात जोडून नकार दिला. ते माझ्या गाडीत बसले. आप्पा पुढे मोटरसायकलवर, आम्ही मागे. आप्पांचं चालवणं मी असं मागून कधी बघितलं नव्हतं. वळणाच्या आधी वेग उतरवायचे, वळण घेताना खांदा जरासा कलायचा, आणि सरळ रस्त्याला लागले की गाडी आपणहून गेल्यासारखी जायची. उगाच घाई नाही, भीती नाही. घाटगे बराच वेळ बघत राहिले.

“जाताना मी डोळे मिटून बसलो होतो,” ते म्हणाले. “सर चालवतात मात्र सुंदर.”

पुढं सांगायचं तर दीडशेच्या आतली गाडी मिळायला आणखी सव्वा वर्ष गेलं. तेवढ्या काळात मी इतक्या शोरूममध्ये ‘ओलं वजन’ विचारलं की माझ्या नवऱ्यानं मला घरी त्याच नावानं हाक मारायला सुरुवात केली. शेवटी बेळगावात एकाकडे परदेशी बनावटीची जुनी मिळाली. सुटे भाग मिळायची मारामार, रंग उडालेला, सीटचं कातडं फाटलेलं. आप्पांनी ती मालकाच्या दारात आडवी केली. मालक ओरडत धावत आला, मी त्याला धरून ठेवलं. आप्पांनी ती उचलली. त्यानंतर सहा वर्षं ते फिरले. विजापूर, बिदर, हंपी, ओरछा, एकदा थेट कच्छचं रण. निघायच्या आधी कधी सांगितलं नाही, पोचल्यावर फोन करायचे, आणि मी दर वेळी तितकीच चिडायचे. ती चीड अजून गेलेली नाही. पडलेही बऱ्याचदा. ते मला उठल्यावर कळायचं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी साळवणपाशी फोन हातात घेतला तर बिरनाळ्यांचे चार मिस्ड कॉल दिसले. मी गाडी कडेला घेतली आणि त्यांना फोन लावला.

“बिरनाळे, पार्टीला येऊ नका म्हणून सांगा.”

“आज नको? मग उद्या आणू?”

“उद्या नको आणि परवाही नको. घर द्यायचं नाही.”

“अहो ताई, असं कसं? सगळं ठरत आलं होतं. आप्पासाहेब नाही म्हणाले काय?”

“आप्पा काही म्हणाले नाहीत,” मी म्हणाले. “मीच सांगतेय.”

फोन ठेवला. घाटगे शेजारी बसून समोर बघत होते. आम्ही थांबलो हे आप्पांना आरशात दिसलं असावं, कारण लांब पुढे जाऊन तेही थांबले होते. एक पाय जमिनीला टेकवून, मागे न वळता.

घाटग्यांनी खाकरून घसा साफ केला. खिशातला टाय काढून मांडीवर त्याची नीट घडी केली. दिवसभरात त्यांचं एवढं नुकसान झालं होतं, पण माणूस शेवटी आपल्या धंद्याचा पक्का.

“मॅडम,” ते म्हणाले, “मग आता ही गाडी बुक करायची ना?”

मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

“नाही हो. ही जड आहे.”